घाबरणारं लेकरू पाहिजे

बद्रीनाथ तुपे थकले होते. कशानं थकले, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना धड सांगता आलं नसतं. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात उभी हयात गेली, आणि सिडकोतल्या स्वतःच्या घरी नळाला पाणी यायचं आठवड्यातनं एकदा, तेही त्याच्या मनात आलं तर. माणूस थकायला एवढं पुरे आहे. त्यात उजवीकडची खालची दाढ.

ही दाढ म्हणजे तुपे घराण्यातलं एक गुपितच होतं. ती ठणकत होती, सडली होती, आणि बद्रीनाथ गेली दोन-तीन वर्षं डाव्या बाजूनं जेवत होते. खिशात लवंगा असायच्या. आता तुम्ही म्हणाल, मग दाखवायची ना डॉक्टरला. अहो, डॉक्टर घरातच होती! थोरली लेक रेणुका दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. पण बद्रीनाथांना दातांच्या खुर्चीची भीती वाटायची. ती खुर्ची मागं कलायला लागली की आपला जीवच मागं कलतोय असं त्यांना व्हायचं. पोटच्या पोरीसमोर हे कबूल करायचं म्हणजे बापपणाला काही शिल्लकच राहिलं नसतं. म्हणून लवंग.

अशात एका रविवारी रेणुका चहाचा कप घेऊन समोर बसली नि म्हणाली, "पप्पा, मला एक लेकरू पाहून द्या."

बद्रीनाथांच्या घशात चहा अडकला.

"परीक्षेसाठी," रेणुका म्हणाली.

तर दातांच्या कॉलेजात असा एक रिवाज आहे की परीक्षेला पेशंट ज्याचा त्यानं आणायचा. वकिलीच्या पोरांना कुणी सांगत नाही की येताना एक आरोपी घेऊन या. इथं मात्र कवळीच्या परीक्षेला बोळकं म्हातारं शोधा, लहान मुलांच्या दातांच्या परीक्षेला किडक्या दाताचं लेकरू शोधा. मागच्या खेपेला फुलंब्रीहून बद्रीनाथांच्या चुलतभावाचा, सांडूचा नातू आणला होता. त्यानं परीक्षकांचं बोट चावलं आणि जिना उतरून जो सुटला तो थेट रसवंतीवर सापडला. रेणुका नापास. बरोबरच्या पोरी पुढं गेल्या, इंटर्न झाल्या, आणि ही पुन्हा त्याच पुस्तकाला डोकं लावून बसली. तेव्हापासनं ती घरात कमी बोलायची. या खेपेला पुन्हा काही झालं असतं तर पोरीनं दातांचं नावच टाकलं असतं, असं बद्रीनाथांना वाटत होतं, आणि ते खरंही होतं.

"लेकरू घाबरणारं पाहिजे बरं का पप्पा," रेणुका सांगत होती. "घाबरलेल्या लेकराला धाक न दाखवता खुर्चीत कसं बसवायचं, तेच बघतात. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. खोटं बोलायचं नाही. नीट बसलं की शाबासकी द्यायची. परीक्षकांच्या समोर लेकरू बदलताना दिसलं पाहिजे."

बद्रीनाथांनी यातलं निम्मं ऐकलं. जन्मभर बैठकांना बसलेला माणूस निम्मंच ऐकतो, आणि मान मात्र पूर्ण हलवतो.

शोध सुरू झाला. शेजारचे काकासाहेब निवृत्त हेडमास्तर. ते म्हणाले, "घाबरणारं कशाला शोधता तुपे? कुठलंही आणा. घाबरवायचं काम माझ्याकडं लागलं." कन्नडहून एका मेहुण्यानं दोन पोरं एसटीनं धाडली, पण दोघांचे दात असे लख्ख की रेणुकानं त्यांना जेवू घालून परत पाठवलं. मग बद्रीनाथ स्वतःच निघाले. संध्याकाळी कॉलनीच्या बागेत जायचं, खिशात बिस्किटाचा पुडा ठेवायचा आणि पोरांना म्हणायचं, "आ कर बरं बाळा."

आता हे दिसायला कसं दिसतं, याचा विचार त्यांनी केला नव्हता. तिसऱ्या संध्याकाळी आवडाबाई नावाच्या एका म्हातारीनं त्यांचा सदरा मागून धरला.

"कोण हाय रं हा बाबा? लेकरांचे दात बघतोय! घोडे बघतोय का काय?"

माणसं जमली. मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज नुकताच फिरून गेलेला. पाणीपुरवठ्याचे वरिष्ठ सहायक बद्रीनाथ तुपे, ज्यांनी आयुष्यात कधी चारचौघांत आवाज चढवला नाही, ते बागेच्या मधोमध बिस्किटाचा पुडा हातात धरून उभे राहिले. शेवटी काकासाहेबांनी येऊन ओळख पटवली. "सज्जन माणूस आहे," ते जमलेल्या लोकांना म्हणाले, "थोडा मंद आहे इतकंच." लोक पांगले. आवडाबाईंनी जाताना पुड्यातली दोन बिस्किटं घेतली.

बद्रीनाथांना शेवटी हात दिला गयासनं. मागच्या गल्लीत त्याचं कूलर दुरुस्तीचं दुकान. तो म्हणाला, "साहेब, आधी बोलायचं ना! आपली पोरगी जहांआरा आहे की. पहिलीत आहे. दाढ किडलीय, रात्रभर रडते, आणि डॉक्टरचं नाव काढलं की पलंगाखाली. तुम्हाला पाहिजे तसंच लेकरू आहे."

आणि लेकरू खरोखरच तसं होतं. रेणुका आणि बद्रीनाथांनी तिला पहिल्यांदा कॉलेजात नेलं, तेव्हा दाराशीच "नक्को! मैं नै बैठती!" असा जो सूर लागला तो तिन्ही मजल्यांवर ऐकू गेला. एक चप्पल पंख्याला लागली, दुसरी रेणुकाच्या मॅडमच्या टेबलावर पडली. जहांआराची दादी अख्तरीबी शरमेनं दुपट्टा तोंडावर घेऊन बसली. जहांआरानं तोंड उघडलं ते फक्त ओरडायला, आणि तेवढ्यात मॅडमनी दाढ पाहून घेतली. पेशंट अत्यंत घाबरलेला, अशी कागदावर नोंद झाली.

"पप्पा, एक नंबर लेकरू आणलंत!" रेणुका परतताना म्हणाली. कित्येक महिन्यांनी ती अशी हसली होती. "परीक्षेच्या दिवशी बघा मी कशी बसवते. बाकी मी बघते, तुम्ही निवांत राहा."

निवांत! बद्रीनाथांच्या डोळ्यांपुढनं ती पंख्याला लागलेली चप्पल हलेना. परीक्षक पाहायला येणार, आणि त्यांच्यासमोर असं आरडाओरडा करणारं लेकरू उभं करायचं? हे त्यांच्या नोकरीच्या शिस्तीत बसतच नव्हतं. त्यांच्या खात्यात साहेबांची तपासणी म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. साहेब गावात येतात, तोटी फिरवतात, आणि पाणी आलंच पाहिजे. मग टाकी आदल्या दिवशी टँकरनं भरलेली का असेना. कच्चं काम साहेबांना दाखवायचं नसतं. पोरगी नवी आहे, तिला जगाचा अनुभव नाही. तेव्हा तिला न सांगता आपणच टाकी भरून ठेवायची, असं त्यांनी ठरवलं.

रेणुका अजून कॉलेजातच असताना बद्रीनाथ ऑफिसातनं घरी आले की अख्तरीबी जहांआराला घेऊन यायची. व्हरांड्यात आरामखुर्ची टाकली. चमचा, टॉर्च, रंगपंचमीची पिचकारी असं सामान मांडलं.

"बस बेटा," बद्रीनाथ म्हणाले.

"पहले तुम."

"अगं, पेशंट तू आहेस ना?"

"पहले अंकल बैठते, फिर मैं देखती, फिर मैं बैठती," जहांआरानं फर्मान काढलं. अख्तरीबी म्हणाली, "बैठ जाव भाई, नै तो वो मानती नै." मग काय करता! बद्रीनाथ स्वतःच्या व्हरांड्यात स्वतःच्या खुर्चीत आडवे झाले, आणि सहा वर्षांच्या पोरीनं त्यांच्या तोंडात चमचा घातला.

"बाप रे! अंकल, तुमारा तो पूरा काला हय!"

"हळू बोल," बद्रीनाथ चमच्याच्या कडेनं म्हणाले.

"दीदी को बोलूं?"

"नको, नको. आपलं दोघांचं गुपित."

हे गुपित राखायला त्यांना रोज एक फुगा आणावा लागला. पण खेळ जमला. पोरगी रोज त्यांना तपासायची, मग ऐटीत स्वतः बसायची. मशीनच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून स्वयंपाकघरात मिक्सर लावायचं ठरलं, आणि रिकामा मिक्सर कसा फिरवणार, म्हणून त्यात शेंगदाणे. बद्रीनाथांची बायको वच्छलाबाई सुरुवातीला गप्प राहिली. मग साबुदाण्यात कूट, भाजीत कूट, आमटीत कूट असं सुरू झालं, डबे भरले, आणि एक दिवस ती मिक्सरचं बटण बंद करून म्हणाली, "अहो, आता त्या पोरीची भीती गेली की थांबणार आहात, का माझ्या घरातले शेंगदाणे संपले की?"

"थोडे दिवस. पोरीच्या भविष्याचा प्रश्न आहे."

"रेणुकाला सांगितलंय का?"

"तिला सरप्राइज."

वच्छलाबाईनं कुटाच्या डब्याचं झाकण लावलं. तिनं नवऱ्याची बरीच सरप्राइजं पाहिली होती.

परीक्षेचा दिवस उजाडला आणि नळाला पाणी आलं. चार भांडी भरेस्तोवर रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला. जहांआरा ईदचा चमकीचा फ्रॉक घालून तयार, अख्तरीबी सोबत. गयास कूलरच्या कामाला पडेगावला गेलेला, त्याची बायको बाळंतपणाला माहेरी. कॉलेजच्या खिडकीवर केसपेपरवाला म्हणाला, "आजी चालत नाही. संमतीच्या सहीला आई किंवा बाप पाहिजे."

"अहो, फोनवर बोला ना त्यांच्याशी."

"फोन नाही चालत. प्रत्यक्ष पाहिजे," तो वर न बघता म्हणाला.

हे वाक्य बद्रीनाथांनी स्वतः आपल्या टेबलावरून इतक्यांदा म्हटलं होतं की ते त्यांना स्वतःचंच वाटायचं. समोरून ऐकायला ते असं लागतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. अर्ध्या तासानं गयास अंगावर कूलरचं गवत घेऊन धापा टाकत आला, सही केली आणि तसाच परत गेला. बद्रीनाथ घामानं निथळून वर पोचले. दाढेनं सकाळपासून ठणका धरला होता, आणि गडबडीत लवंगा घरीच राहिलेल्या.

लहान मुलांच्या विभागात भिंतीवर हसऱ्या हत्तीचं चित्र, आणि परीक्षक बाहेरगावचे, पिकल्या केसांचे, हसायचं काम बहुधा हत्तीवर सोपवलेलं. रेणुका खुर्चीशेजारी उभी. तिनं छोटा आरसा हातात घेतला, गुडघ्यावर बसली, आणि रात्र-रात्र घोकलेल्या मऊ आवाजात सुरुवात केली, "जहांआरा, बघ हं, आज आपण काय करणार आहोत ते मी आधी सांगते—"

जहांआरा टुणकन खुर्चीत चढली. आडवी झाली. कुणी न सांगता गळ्याला रुमाल लावून घेतला आणि आ वासला. मग काहीतरी आठवून पुन्हा मिटला.

"दीदी, ये आरसा हय, ये पानी का फव्वारा हय, और वो मशीन मिक्सर जैसी आवाज करती. डरना नै. दुखा तो हाथ ऊपर. चलो, करो."

दाराच्या फटीतनं बघणाऱ्या बद्रीनाथांची छाती फुगली. परीक्षकांनी मात्र चष्मा काढला.

"डॉक्टर," ते रेणुकाला म्हणाले, "तुमच्या कागदावर लिहिलंय, अत्यंत घाबरलेली मुलगी. ही तर मलाच धीर देतेय. पढवून आणलीय?"

"नाही सर... म्हणजे... मला माहीत नाही सर."

"घाबरलेल्या मुलाला कसं वळवता, ते मला बघायचं होतं. इथं वळवायला काही उरलेलंच नाही. मी मार्क कशाला देऊ?"

रेणुकानं हळूच दाराकडं पाहिलं. फटीत बापाचा डोळा होता. एका क्षणात तिला सगळं कळलं. भरलेले कुटाचे डबे, व्हरांड्यातली पिचकारी, रोजचा फुगा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाहून बद्रीनाथांच्या ध्यानात आलं. आपण पोरीची टाकी भरायला गेलो आणि तिची विहीरच बुजवून आलो.

ते आत शिरले. हात जोडले.

"साहेब, तिची काही चूक नाही. मी पढवलं. मला वाटलं तपासणी आहे, सगळं ठाकठीक असावं. जे काय करायचं ते मला करा, पोरीला नापास करू नका."

"तुम्ही कोण?"

"बाप."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. तेही थकलेलेच होते. सकाळपासून त्यांनी रडकी, चावरी, ओकणारी अशी सगळी पोरं पाहिली होती. "हे पाहा, मला कथा नको. जेवणाच्या सुट्टीआधी एक घाबरलेला पेशंट आणा, मी बघतो."

घाबरलेला पेशंट आता कुठनं आणणार? बाहेर बाकावर होती तेवढी लेकरं दुसऱ्या विद्यार्थ्यांची, आणि त्यांच्या आया आपापलं रडकं पोर घट्ट धरून बसलेल्या. बद्रीनाथ हताशपणे उभे राहिले. तेव्हा खुर्चीतनं जहांआरा म्हणाली,

"तुपे अंकल हय ना. उनकी दाढ पूरी सड गई. बहोत डरते वो. दीदी को नै बोलना बोले."

बद्रीनाथांनी दोन पावलं मागं घेतली. पाठ हसऱ्या हत्तीला टेकली.

"पप्पा?" रेणुका म्हणाली. "किती दिवस?"

"काही नाही गं. किरकोळ. मी... मला ऑफिसला..."

परीक्षकांनी त्यांचा घाम पाहिला, हत्तीला चिकटलेली पाठ पाहिली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "वय या विभागाबाहेरचं आहे," ते म्हणाले, "पण भीती अगदी विभागातली आहे. बसवा त्यांना."

पोरांच्या खुर्चीत बद्रीनाथांचे पाय गुडघ्यापासनं पुढं लोंबत राहिले. खुर्ची मागं कलायला लागताच ते उठून बसले. पुन्हा कलली, पुन्हा उठले. काकासाहेब असते तर इथं त्यांनी डोळे वटारले असते. रेणुकानं खुर्ची सरळ केली, बापाच्या समोर गुडघ्यावर बसली आणि त्याच मऊ आवाजात म्हणाली,

"पप्पा, घाई नाही. मी आधी सांगते, मग दाखवते, मग करते. तुम्ही हो म्हटल्याशिवाय काही करणार नाही. दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबते."

बद्रीनाथांनी डावा हात वर केला.

"अजून सुरू नाही केलं पप्पा."

"असू दे. मी तपासून पाहिलं."

"थांबले ना मी? बघा, थांबते."

तिनं आरसा त्यांच्या तळहातावर टेकवला. पाण्याचा फवारा बोटावर उडवला. मशीन आधी दूर फिरवलं, मग जवळ. शेजारी स्टुलावर उभी राहून जहांआरानं त्यांचा उजवा हात धरला होता. "नाक से सांस लेव अंकल. मिक्सर हय, मिक्सर." इंजेक्शनची वेळ आली तेव्हा रेणुका म्हणाली, "खोटं नाही सांगणार पप्पा, टोचेल. थोडंसं, मग नाही." आणि लगेच विचारलं, "ती नव्या पाइपलाइनची फाइल कुठं अडकलीय हो?"

झालं! हा प्रश्न बद्रीनाथांना घरात कुणी कधी विचारला नव्हता. तोंड उघडं, जीभ जड होत चाललेली, तरी ते बोलत राहिले. निविदा, फेरनिविदा, रस्ता खोदायची परवानगी, पुन्हा निविदा. मध्ये टोचलं, पण तेव्हा ते तिसऱ्या फेरनिविदेत होते. मशीन घरघरलं. त्यांनी डोळे मिटले आणि एकदाच किंचित उघडून पाहिलं. दिव्याच्या उजेडात लेकीचे दोन हात होते. ते हात जराही थरथरत नव्हते. ही आपली रेणुका, जिला काल-परवापर्यंत रस्ता ओलांडताना आपण धरायचो. त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं, तेव्हा रेणुका थांबली. "दुखतंय?" त्यांनी मान हलवून नाही म्हटलं, आणि ते खरं होतं.

सडलेलं काढून झालं, तात्पुरतं सिमेंट भरलं, पुढची तारीख ठरली. परीक्षक इतका वेळ मागं हात बांधून उभे होते.

"यांना वळवलंत ते मी पाहिलं," ते रेणुकाला म्हणाले. "आता सांगा, त्या मुलीला कुणी वळवलं? आधी स्वतः बसून दाखवणं, आवाजाची सवय लावणं, नंतर बक्षीस. पुस्तकातलंच आहे सगळं."

"माझ्या वडिलांनी, सर. त्यांना ते माहीत नव्हतं."

"मग मार्क कुणाला द्यायचे?"

"त्यांना द्या सर," रेणुका म्हणाली. "मला फक्त पास करा."

परीक्षक हसले. अगदी हत्तीइतकं नाही, पण हसले. जहांआराची दाढ त्यानंतर भरली गेली, आणि तिनं त्यात एवढंसंही नवल दाखवलं नाही. निकाल पुढं लागला तेव्हा रेणुका पास होती. पण ती नंतरची गोष्ट.

बद्रीनाथ खुर्चीतनं उठत असताना रेणुकानं सवयीनं ड्रॉवरमधली स्टिकरची पट्टी काढली. त्यातली चमकणारी एक चांदणी सोलली आणि बापाच्या सदऱ्यावर, खिशाच्या वर, अंगठ्यानं दाबून चिकटवली. "आज तुम्ही खूप छान बसलात," ती म्हणाली. प्रत्येक लेकराला म्हणतात तेच वाक्य. मग ती पाठ फिरवून हात धुवायला गेली.

घरी अर्धं तोंड बधिर. वच्छलाबाईनं विचारलं, "हे काय लावून आलात छातीवर?" बद्रीनाथांना बोलता येत नव्हतं, आणि येत असतं तरी काय सांगणार! एवढ्या वर्षांच्या नोकरीत एका साहेबानं कधी छान केलंत असं म्हटलं नव्हतं. तपासण्या झाल्या, पाणी आलं, साहेब जेवून गेले. त्यांनी सदरा धुवायला टाकला नाही. खुंटीलाच टांगला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जहांआरा आली. तिच्या फ्रॉकवर तीन चांदण्या होत्या. खुंटीकडं बोट दाखवून ती म्हणाली, "अंकल, वो भी देव ना मेरेकू. तुम तो बडे हव."

ऑफिसचं टेबल सोडलं तर बद्रीनाथांनी आयुष्यभर मागणाऱ्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. बागेतल्या आवडाबाईलासुद्धा बिस्किटं घेऊ दिली होती. ते उठले, सदरा खुंटीवरनं काढला, घडी घातली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"नाही," ते म्हणाले. "ही माझी आहे."